बिल कुणाच्या नावाचं?

गणपतीत गावी गेलो की एक सकाळ वाचनालयात जाते. यंदा जरा लवकरच गेलो, दार उघडायच्या वेळेला. बाईंनी कुलूप काढलं, चपला बाहेर ठेवल्या आणि खिडक्या न उघडताच थेट देवघेवीच्या टेबलाकडे गेल्या. संगणक सुरू केला, आमच्या ॲपचं पान उघडलं, पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागल्याचं बघितलं आणि मग निवांत एकेक खिडकी उघडायला लागल्या. रात्रभर कोंडलेली ओल, डांबरगोळ्या आणि बांधीव मासिकांचा वास हळूहळू बाहेर पडला. वर्तमानपत्रं दांड्यांना लावून झाली, केर काढून झाला, टेबलावरून फडकं फिरलं, तोवर पडद्यावर सभासदांची यादी येऊन थांबली होती. मी विचारलं, "बाई, आधी संगणक का?" त्या म्हणाल्या, "अरे, त्याला सकाळी जागं व्हायला वेळ लागतो. माझा केर काढून होईस्तोवर येतं बरोबर. कुणी पुस्तक बदलायला आलं आणि ते नुसतं फिरतच राहिलं, तर बरं नाही ना दिसत."

बोलण्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं.

हे ॲप मी केलेलं आहे. पुस्तकाचा दाखल क्रमांक टाकला की पुस्तक कुणाकडे आहे ते कळतं, सभासदाची वर्गणी कुठल्या महिन्यापर्यंत भरलेली आहे ते दिसतं, अनामत किती जमा आहे ते दिसतं. यापलीकडे त्यात फारसं काही नाही. या क्षेत्रातले लोक विचारतील, मग कोहा हे ग्रंथालयांसाठीचं तयार सॉफ्टवेअर का नाही? कोहाबद्दल मला मनापासून आदर आहे. न्यूझीलंडमधल्या लेव्हिन नावाच्या छोट्या गावी होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी ते लिहिलं गेलं, जानेवारी २००० मध्ये चालू झालं आणि सर्वांना मोफत खुलं करून दिलं गेलं. आज मोठमोठी विद्यापीठं ते वापरतात. पण बाईंना लागतं त्याच्या कितीतरी पट त्यात आहे. शिवाय कोहा घेतलं असतं तरी ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न उरलाच असता. आणि हा सगळा लेख त्या 'कुठे'बद्दलच आहे.

आमचं ॲप ठेवलं होतं एका फुकट प्लॅटफॉर्मवर. कोड ढकलला की तो आपोआप बांधून चालू करतो, एक पत्ता देतो, कुलूपवालं एचटीटीपीएस देतो. पैसे नाहीत. बदल्यात अट एवढीच की थोडा वेळ कुणी फिरकलं नाही, तर ते ॲप झोपवलं जातं. पुन्हा कुणी दार वाजवलं की नवा कंटेनर, म्हणजे ॲपपुरती बंदिस्त जागा, उभा राहतो, ॲप ज्या भाषेत लिहिलंय ते पायथन मेमरीत चढतं, डेटाबेसशी जोडणी होते आणि मग उत्तर येतं. आमच्या धंद्यात याला कोल्ड स्टार्ट म्हणतात, आणि नोकरीच्या अर्जाला जोडायच्या नमुन्यासाठी तो कुणालाच खटकत नाही. पण कोकणातलं वाचनालय सकाळी उघडतं, दुपारी बंद होतं, संध्याकाळी पुन्हा उघडतं. म्हणजे दिवसातून दोनदा ते गाढ झोपणार आणि दोनदा उठणार, आणि दोन्ही वेळा त्याच्यासमोर बसलेल्या असणार त्या बाईच. यावरची युक्ती मला माहीत होती. एखादी फुकट देखरेख सेवा लावायची, ती दर काही मिनिटांनी पानाला टिचकी मारत राहते आणि ॲपला झोप लागू देत नाही. असंख्य लोक ते करतात. मला ते करवेना. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक यंत्र रात्रभर खोट्या टिचक्यांनी जागं ठेवायचं आणि त्या प्लॅटफॉर्मच्या मालकांच्या हे लक्षात येऊ नये अशी आशा करत बसायचं, यावर गावची संस्था उभी करायची नसते.

फुकट होस्टिंगवर, म्हणजे ॲप ठेवायच्या फुकट जागेवर, माझ्या पिढीचा जीव जडला तो हेरोकूमुळे. २००७ साली सुरू झालेली ही कंपनी. त्याआधी सर्व्हर चढवणं म्हणजे रात्र घालवणं होतं. हेरोकूवर मात्र गिटची (कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनाची) एकच आज्ञा द्यायची आणि तुमचं ॲप जगासमोर. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी तो पत्ता फोनवर उघडून घरातल्या प्रत्येकाला दाखवत फिरलो होतो. आईने विचारलं, "हे आपल्या घरातून दिसतंय का?" आणि मी म्हणालो, कुठूनही दिसेल. २०१० मध्ये सेल्सफोर्सने हेरोकू विकत घेतली, तरी फुकट योजना चालू राहिली. अर्धा तास कुणी आलं नाही की डायनो, म्हणजे ॲप चालवणारा तिथला कंटेनर, झोपायचा, ते सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. मग ऑगस्ट २०२२ मध्ये घोषणा झाली आणि २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकट योजना बंद पडली. गैरवापर आणि फसवणूक आवरण्यातच फार शक्ती जाते, असं कारण त्यांनी दिलं. ते दिवस मला चांगले आठवतात. कुणाचा कॉलेजचा प्रकल्प, कुणाच्या ट्रेकिंग ग्रुपची नावनोंदणी, कुणाचा लहानसा बॉट. जो तो आपली बोचकी उचलून दुसरी जागा शोधत होता. मला राग आला नाही. वीज, यंत्रं, माणसं यांचे पैसे कुणीतरी भरतच असतं, आणि इतकी वर्षं भरले याबद्दल कृतज्ञताच वाटली. पण ज्यांना ती घोषणा वाचताच आली नाही, ज्यांचं काम करून देणारा मुलगा केव्हाच बंगळुरूला किंवा टोरांटोला निघून गेला होता, त्यांच्याकडे एक दिवस नुसतं चूक दाखवणारं पान उघडलं असणार. त्यांचा विचार तेव्हाही मनातून जात नव्हता.

त्याच्याही आधीचं एक आठवतं. माझ्या मामेभावाने जिओसिटीज या फुकट पानं ठेवू देणाऱ्या संकेतस्थळावर गावच्या शिमग्याचं पान केलं होतं. तालुक्याच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे देऊन, पंख्याखाली घाम पुसत, स्कॅन केलेले पालखीचे फोटो एकेक करून चढवलेले. युनिकोड तेव्हा आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं, म्हणून पानाच्या वर लिहिलेलं असायचं की आधी अमुक फाँट उतरवून घ्या, नाहीतर मजकूर वाचता येणार नाही. पालखी खांद्यावर नाचवणाऱ्यांत माझे आजोबा होते. २६ ऑक्टोबर २००९ ला याहूने जिओसिटीज बंद केलं. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यातलं पुष्कळ उतरवून घेतलं, त्या लोकांचे उपकार मानावे तेवढे थोडे. त्या ढिगाऱ्यात मी अनेकदा शोधलं, आमचं पान काही सापडलं नाही. मूळ फोटोंपैकी दोन पुढे वाळवीने खाल्ले. म्हणजे कागद टिकतो आणि संगणकातलं जातं, इतकी सोपी विभागणी आमच्या घरात तरी झाली नाही. दोन्ही गेलं.

वाचनालयात बसून मी त्या दिवशी आज्ञा टंकायची काळी खिडकी उघडली आणि पिंग लावून पाहिलं, म्हणजे दूरच्या यंत्राला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. आमच्या ॲपच्या यंत्राकडून उत्तर यायला पाव सेकंदाच्या आसपास लागत होतं, मुंबईतल्या एका यंत्राकडून त्याच्या एक पंचमांशाहून कमी. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. आमच्या ॲपचं यंत्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगनमध्ये, आणि मुंबई ते ओरेगन सरळ रेषेत १२ हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे तार सरळ असती आणि मध्ये कुठेही थांबावं लागलं नसतं, तरी जाऊन-येऊन १२० मिलिसेकंदांखाली येणं निसर्गालाच शक्य नाही. तारा सरळ नसतात. त्या वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरतात आणि वळणं घेत जातात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा भारतातलं अर्धंअधिक इंटरनेट रांगायला लागलं होतं. एक सुरक्षित पान उघडायचं तर पहिलं अक्षर दिसायच्या आतच अशा दोन-तीन फेऱ्या होतात: आधी जोडणी, मग किल्ल्यांची देवाणघेवाण, मग मागणी. गावातल्या माणसाने गावातलंच पुस्तक नेलं, ते कपाट त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर आहे, आणि त्याची नोंद पॅसिफिकच्या काठावर होते आहे. हे मला तांत्रिकदृष्ट्या ठाऊक होतं. बाईंच्या शेजारी बसून ते आकडे बघताना मात्र ते अंगावर आलं.

परत पुण्याला येताना ठाण्यात एक काम होतं, म्हणून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने गेलो. रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात खिडकीतून त्या इमारती दिसतात. प्रचंड, बहुतेक बिनखिडक्यांच्या, बाजूला ओळीने डिझेल जनरेटर, गच्चीवर थंड करणारी अजस्र यंत्रं. पूर्वी या एमआयडीसीत रसायनांचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने होते, वाऱ्याला उग्र वास यायचा. आता तिथे देशाचा डेटा राहतो. यंत्रं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांपैकी ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आपलं केंद्र उघडलं, त्याच वर्षी डिजिटलओशन बंगळुरूत आली; त्याआधी या दोघींचं आम्हाला सगळ्यात जवळचं केंद्र म्हणजे सिंगापूर. आता जवळ जागा आहे, भरपूर आहे. तर मग घ्यायची कुठली?

पुढचे काही आठवडे माझ्या संध्याकाळी यातच गेल्या. कामावर हाच निर्णय मी अनेकदा घेतला आहे आणि तिथे तो सोपा असतो, कारण तिथे पगारी माणसं असतात आणि रात्री तीन वाजता फोन उचलणारा कुणीतरी ठरलेला असतो. ॲमेझॉनचं दालन उघडलं की दोनशेहून अधिक सेवा अंगावर येतात. प्रत्येकीचा दर वेगळा. डेटा बाहेर जातो त्याचे पैसे, साठवणीचे पैसे, १ फेब्रुवारी २०२४ पासून तर यंत्राच्या नुसत्या सार्वजनिक इंटरनेट-पत्त्याचेही (आयपीव्ही४) ताशी अर्धा सेंट. बजेट ओलांडलं तर इशारा येतो, पण आपण मुद्दाम तशी सोय केल्याशिवाय यंत्र थांबत नाही. ज्या संस्थेत वर्गणी महिन्याला किती वाढवावी यावर वार्षिक सभेत तासभर चर्चा होते, तिच्या गळ्यात न बांधलेल्या आकड्याचं बिल घालणं मला मान्य नव्हतं. कंपनीसाठी मी पुन्हाही ॲमेझॉनच निवडेन. वाचनालयासाठी नाही.

मग साधा व्हीपीएस. म्हणजे आपलं असं एक लहान आभासी यंत्र, ठरलेलं भाडं, त्यावर काय करायचं ते आपण करायचं. चाचणीसाठी एक घेतलं आणि तासाभरात त्याची नोंदवही उघडून बसलो. रूटचा, म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याचा, पासवर्ड चुकला, रूटचा पासवर्ड चुकला, ॲडमिन नावाचा वापरकर्ता अस्तित्वात नाही, ओरॅकल नावाचा नाही, पोस्टग्रेस नावाचा नाही, पुन्हा रूट. ओळींवर ओळी. या पत्त्याबद्दल मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, त्यावर अजून काहीही नव्हतं, आणि जगाच्या कुठल्याकुठल्या कोपऱ्यातून यंत्रं त्याचं कुलूप हलवून बघत होती. पासवर्ड बंद करून फक्त किल्लीने, म्हणजे एका गुप्त फाइलीने, प्रवेश ठेवला की यातलं बहुतेक निरुपद्रवी होतं, सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतील अशीही सोय करता येते. पण 'बहुतेक' आणि 'आपोआप' या शब्दांवर कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं, आणि ते कोण ठेवणार हा प्रश्न त्या ओळी वाचताना पहिल्यांदा नीट समोर आला.

शेअर्ड होस्टिंगही पाहिलं, म्हणजे एकाच यंत्रावर अनेकांची बिऱ्हाडं. सीपॅनेल नावाचं तयार नियंत्रण-पान, वर्षाचं भाडं, यूपीआयने पैसे, मराठीत बोलणारा मदतनीस. भावनेने मी तिकडे झुकलो होतो. आडवा आला तो आपल्या लिपीचा प्रश्न. थकीत वर्गणीचं स्मरणपत्र छापायची सोय ॲपमध्ये होती आणि ते पीडीएफ सर्व्हरवर तयार व्हायचं. देवनागरी छापायला नुसता फाँट असून भागत नाही. अक्षरं जुळवणारा हार्फबझसारखा इंजिनाचा भाग लागतो. तो नसला की ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि 'किरण'चा 'करिण' होतो. जोडाक्षरं सुटतात, श्रीचा श लंगडा होऊन उभा राहतो. फाँटही नसेल तर पत्रभर रिकामे चौकोन. शेअर्ड होस्टिंगवर असे भाग आपल्याला हवे तसे बसवता येत नाहीत. आणि सभासदाला त्याचं नाव मोडून पाठवलेलं पत्र जाणं मला अजिबात चालणार नव्हतं. ज्या जागी माणसं शुद्ध मराठी वाचायला येतात, तिथून तर नाहीच. शेवटी पीडीएफच काढून टाकलं. वाचनालयातल्या संगणकाचा ब्राउझर देवनागरी उत्तम छापतो. पान तिथेच उघडायचं, तिथेच छापायचं. एक ओझं कमी झालं आणि पर्याय एकदम वाढले.

या टप्प्यावर मी कार्यवाहांना फोन केला. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात. निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं, हिशेब त्याहून स्वच्छ. मी त्यांना लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ), बॅकअप, झोपणारं-न झोपणारं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बिल कुणाच्या नावाचं येईल?"

मी म्हणालो, "त्याची काळजी करू नका भाऊ, मी भरतो. फार नाहीत पैसे."

"तू भरशील रे. नाही म्हणत नाही. पण मग ते तुझं झालं. वाचनालयाचं कसं?"

मग त्यांनी व्यवहार सांगितला. आमचं वाचनालय १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यताप्राप्त, शासनाचं अनुदान घेणारं. प्रत्येक खर्चाला संस्थेच्या नावाचं बिल लागतं, लेखापरीक्षक ते बघतो. पैसे जातात ते चेकने, आणि चेकवर दोन सह्या, अध्यक्षांची आणि कार्यवाहांची. खातं सहकारी बँकेत. आणि मी पाहिलेला जवळजवळ प्रत्येक विदेशी प्लॅटफॉर्म पहिल्याच पानावर मागत होता ते क्रेडिट कार्ड. दोन सह्यांचं क्रेडिट कार्ड नसतं. समजा कुणी पदाधिकाऱ्याने आपलं कार्ड दिलं, तरी १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप कटणाऱ्या पैशांना वेगळी संमती नोंदवावी लागते. तेव्हा कितीतरी भारतीयांची परदेशी सेवांची देणी नाकारली गेली होती. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे. पण नाकारलं गेलेलं देणं आणि त्याबद्दलचा ईमेल कुणीच न उघडणाऱ्या पेटीत पडून राहणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की छोट्या संस्थेचं संकेतस्थळ गुपचूप मरतं. हल्लेखोर लागत नाही, आग लागत नाही. डोमेनची मुदत संपते, कुणालातरी ते नाव हवं असतं, आणि शाळेच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसायला लागते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि दर वेळी पोटात कालवलं आहे.

भाऊंच्या त्या प्रश्नाने माझी सगळी तुलना उलटीपालटी झाली. मी रॅम, प्रदेश, दर असे रकाने मांडून बसलो होतो. आता रकाने वेगळे झाले. खातं कुणाच्या ईमेलवर? ओटीपी कुणाच्या फोनवर? तो फोन बदलला तर? पैसे बँकेतून, वर्षाचे एकदम, रुपयांत भरता येतात का? बिलावर संस्थेचं नाव आणि जीएसटी असतो का? आणि इथून निघायचं ठरवलं तर आपलं सामान उचलून निघता येतं का? प्लॅटफॉर्मच्या जाहिरातीत यातलं शेवटचं कधी लिहिलेलं नसतं. गिटची एक आज्ञा देऊन आत जाणं सगळेच शिकवतात. त्यांच्या खास रांगा, खास साठवण, खास लॉगिन वापरत गेलात की एके दिवशी बाहेर पडायची वाट आपणच बुजवलेली असते. माझं ठाम मत आहे की दुसऱ्यांच्या संस्थेसाठी काही उभारताना ही वाट मोकळी ठेवणं हे वेगाहून आणि सोयीहूनही मोठं कर्तव्य आहे. स्वतःच्या हौशी प्रकल्पात हवं ते करावं.

एकाच घरी सगळं ठेवू नये, हे शिकायला फ्रान्समधली आग पुरेशी आहे. १० मार्च २०२१ च्या पहाटे स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीची पाच मजली डेटासेंटर इमारत जळून गेली. जीवितहानी झाली नाही. पण ३६ लाख संकेतस्थळं बंद पडल्याची मोजणी नेटक्राफ्ट या इंटरनेटवर नजर ठेवणाऱ्या कंपनीने केली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांतल्या काहींच्या हाती काहीच उरलं नाही. बॅकअप आहे, एवढ्यावर ते निर्धास्त होते. ही बातमी मी तेव्हा एक तंत्रज्ञ म्हणून वाचली होती. आता वाचताना डोळ्यांसमोर आमची दाखल नोंदवही येत होती, कापडी बांधणीची, पहिल्या पानावर शाईच्या टाकाने लिहिलेला क्रमांक एक.

म्हणून डेटाबेसही बदलला. तोवर वापरत असलेल्या पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसवर माझं प्रेम आहे, पण काही हजार पुस्तकं आणि काही शे सभासदांना त्याची गरज नव्हती, आणि काही फुकट योजनांतला पोस्टग्रेस मुदतीचा असतो. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये सगळा डेटा एका फाइलीत मावतो. ती फाइल कॉपी केली की झाला बॅकअप, फक्त लिहिणं चालू असताना नुसती उचलायची नाही, त्याच्याच बॅकअपच्या आज्ञेने घ्यायची. ही रचना निदान २०५० पर्यंत सांभाळण्याचा इरादा तिच्या कर्त्यांनी जाहीर केला आहे, आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस दीर्घकाळ जतनासाठी ज्या स्वरूपांची शिफारस करते त्यांत एसक्यूलाइट आहे. ग्रंथालयांच्या ग्रंथालयाने निवडलेलं स्वरूप आमच्या वाचनालयात आलं, याचा मला आजही आनंद वाटतो. मात्र ज्या प्लॅटफॉर्मवर दर पुनर्सुरुवातीला डिस्क कोरी होते, तिथे ही फाइल टिकत नाही. झोपणारे बहुतेक फुकट प्लॅटफॉर्म त्याच जातीचे. त्यामुळे तेही यादीतून गेले.

शेवटी घेतलं ते मुंबईत यंत्रं असलेल्या एका भारतीय कंपनीकडचं लहानसं व्हीपीएस. सगळ्यात स्वस्त नाही, सगळ्यात चकचकीतही नाही. त्यांचं नियंत्रण-पान बघून तर माझ्या ऑफिसातल्या मुलांनी नाकं मुरडली. पण बिल वाचनालयाच्या नावाचं येतं, पैसे बँकेतून जातात, ईमेल वाचनालयाचा आहे आणि ओटीपी वाचनालयाच्या कपाटातल्या फोनवर येतो. डोमेन दहा वर्षांचं एकदम भरलं. रात्री यंत्र स्वतःच डेटाची प्रत काढतं, सकाळी वाचनालयातला संगणक ती उतरवून घेतो, आणि दर शनिवारी बाई ती पेनड्राइव्हवर घालून दाखल नोंदवहीच्या कप्प्यात ठेवतात. नेट नसेल त्या दिवशी, आणि पावसात असे दिवस येतातच, कागदी देवघेव रजिस्टर आहे. ते बंद करायचा आग्रह मी धरलेला नाही. कार्यकारी मंडळाच्या सभेत रीतसर ठराव झाला, सूचक-अनुमोदकासकट, आणि भाऊंनी तो इतिवृत्तात लिहिताना 'व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर' हे शब्द मला दोनदा विचारून घेतले.

लक्ष ठेवणार कोण, हे मात्र अजून ठरलं नव्हतं. गावातली एक मुलगी बीसीए करते, रत्नागिरीला जाऊन-येऊन. लहानपणापासून वाचनालयात पडीक. बाई सांगतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत बाल विभागाचं एक अख्खं कपाट तिने वाचून संपवलं होतं. तिला मी विचारलं आणि ती लगेच हो म्हणाली. सर्व्हर चढवण्याची सगळी कृती मी मराठीत एका कागदावर लिहिली होती, आज्ञा तेवढ्या जशाच्या तशा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं वाचनालयात बसलो. मी तासाच्या भाड्याने एक कोरं यंत्र घेतलं, मुद्दाम वेगळ्याच कंपनीचं, आणि तिला म्हणालो, "समज, हे मुंबईचं यंत्र गेलं. मी फोन उचलत नाहीये. हा कागद आणि तो पेनड्राइव्ह, एवढंच तुझ्याकडे आहे."

बाई पुस्तकांना पुठ्ठे घालत ऐकत होत्या. मुलगी कागदावर बोट ठेवून एकेक ओळ टंकत होती. किल्ली बसली, पायथन आलं, कोड उतरला, फाइल जागेवर गेली. मध्येच ती थांबली. "दादा, ही गुपित किल्ल्यांची फाइल कुठून घ्यायची? कागदावर नाहीये." मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "नको, सांगू नका. तुम्ही फोन उचलत नाही आहात." तिने पेनड्राइव्ह उघडून शोधलं, एका कप्प्यात तिला ती सापडली. मग तिने माझ्या कागदाच्या समासात पेनाने ओळ लिहिली, बाण काढला, आणि पुढे गेली. एका ठिकाणी फाइलीचे हक्क अडले, तिथे तिने चूक दाखवणारा संदेश पूर्ण वाचला, जे माझ्या ऑफिसातली अनुभवी माणसंही करत नाहीत. बाई पुठ्ठ्याची घडी हातात तशीच धरून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सभासदांची यादी आली. बाईंनी पुढे वाकून एक दाखल क्रमांक सांगितला, मुलीने तो टाकला, पुस्तक कुणाकडे आहे ते दिसलं. "बरोबर," बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडेच आहे, मागच्या गुरुवारी नेलंय." मुलीने ते चाचणीचं यंत्र बंद केलं, कागद नव्याने आपल्या अक्षरात उतरवून घेतला आणि माझा जुना कागद मला परत दिला. आता मुंबईच्या यंत्राची पुढची दुरुस्ती ती करणार आहे. मी पुण्यात फोन हाताशी ठेवून असेन, पण तिने मला आधीच सांगून ठेवलंय की ती पहिला फोन मला करणार नाही.